भाडोत्री मातृत्व ते परोपकारी मातृत्व : भारतातील सरोगसीविषयक नीतिविचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अपत्यहीन दांपत्याच्या इच्छेला वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर म्हणजे सरोगसी, अशी या विषयाची मांडणी सर्वसाधारणपणे केली जाते. या मांडणीत दांपत्य, डॉक्टर आणि बालक ठळकपणे दिसतात. नऊ महिने गर्भ वाढविणारी स्त्री मात्र साधनाच्या जागी उभी असते. भारतात २००२ ते २०१५ या काळात सरोगसी हा खुला व्यवसाय होता. २०२१ च्या कायद्याने तो बंद करून केवळ परोपकारी सरोगसीस मान्यता दिली. बाजारापासून त्यागापर्यंतच्या या प्रवासात गर्भ धारण करणाऱ्या स्त्रीचे नैतिक स्थान कितपत बदलले, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. भारतातील सरोगसीच्या वाटचालीचे टप्पे स्पष्ट करणे.
२. महत्त्वाचे न्यायालयीन निर्णय व कायदे यांमागील नीतिविचार तपासणे.
३. सरोगेट मातेच्या श्रमाला व संमतीला मिळालेल्या स्थानाचे मूल्यमापन करणे.

संकल्पना व परिभाषा

सरोगसीचे दोन प्रकार मानले जातात. पारंपरिक प्रकारात गर्भ धारण करणाऱ्या स्त्रीचेच स्त्रीबीज वापरले जाते. गर्भधारक प्रकारात प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण तिच्या गर्भाशयात सोडला जातो व तिचा बालकाशी जनुकीय संबंध नसतो. मराठीत यासाठी ‘भाडोत्री मातृत्व’ हा शब्द रूढ झाला. भाडोत्री सैनिक, भाडोत्री साक्षीदार या शब्दप्रयोगांत भाडोत्री म्हणजे पैशासाठी निष्ठा विकणारा, असा अर्थ गृहीत असतो. म्हणजे कायद्याने बंदी घालण्याच्या कितीतरी आधी भाषेने या स्त्रीविषयी निकाल दिलेला होता. प्रतिमातृत्व, पर्यायी मातृत्व हे सौम्य शब्द पुढे आले, परंतु लोकव्यवहारात ते फारसे रुजले नाहीत.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

या विषयावरील लेखनात देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरी गेल्याची बलरामजन्माची कथा आवर्जून दिली जाते. मात्र ती दैवी योजनेची कथा आहे. तीत करार नाही, मोबदला नाही आणि रोहिणीच्या संमतीचा प्रश्नही नाही. इतिहासाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण दूधआईचे आहे. छत्रपती संभाजी महाराजांची दूधआई म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. दुसऱ्याच्या अपत्यासाठी आपले शरीर झिजविणाऱ्या स्त्रीला नाव आणि नाते देण्याची रीत समाजाला अपरिचित नव्हती, एवढे यावरून म्हणता येते. अर्थात हे राजघराण्यातील उदाहरण आहे. सामान्य घरांत राबलेल्या दायांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत.

आधुनिक सरोगसीचा पाया बाह्यफलन तंत्राने घातला. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच बालक जन्मले. मात्र त्यांच्या कार्यास मान्यता त्यांच्या मृत्यूनंतरच मिळाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांस यश आले.

नैतिक प्रश्न प्रथम ठळक झाला तो अमेरिकेत. न्यू जर्सीतील ‘बेबी एम’ खटल्यात १०,००० डॉलरच्या करारानुसार मूल जन्माला घालणाऱ्या स्त्रीने ते देण्यास नकार दिला. मूल तिच्याच स्त्रीबीजापासून झालेले होते. १९८८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा करार अवैध ठरविला. मुलीचा ताबा पित्याकडे ठेवला, पण जन्मदात्रीचे मातृत्व व भेटीचा हक्क मान्य केला. पुढे गर्भधारक प्रकार प्रचलित झाल्यावर जनुकीय संबंध नसल्याने हा पेच सुटला, असे अनेकांना वाटू लागले. भारतातील बाजार याच समजुतीवर उभा राहिला.

बाजाराचा कालखंड

२००४ मध्ये गुजरातमधील आणंद येथे एका स्त्रीने परदेशस्थ मुलीसाठी जुळ्यांना जन्म दिला. या घटनेनंतर आणंद सरोगसीचे जागतिक केंद्र बनले. कमी खर्च, इंग्रजी जाणणारे डॉक्टर, कायद्याचा अभाव आणि गरजू स्त्रियांची उपलब्धता ही त्यामागील कारणे होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनी मोबदल्यास मान्यता दिली आणि एका स्त्रीने तीनहून अधिक वेळा सरोगेट होऊ नये असे सुचविले. मात्र या तत्त्वांना कायद्याचे बळ नव्हते.

समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘वूम्ब्स इन लेबर’ हा ग्रंथ या काळाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे. करार पाळणारी शिस्तबद्ध कामगार आणि पोटातील बाळाची मनापासून काळजी घेणारी माता, अशा दोन्ही अपेक्षा एकाच स्त्रीकडून केल्या जात, हे त्यांनी दाखविले. वसतिगृहात राहणाऱ्या या स्त्रिया आपले रक्त व घाम बाळाच्या वाढीत गेल्याचे सांगून नात्याचा दावा करीत. करारात मात्र या दाव्याला जागा नव्हती.

न्यायालयांसमोरील प्रश्न

२५ जुलै २००८ रोजी आणंद येथे जन्मलेल्या बेबी मांजीच्या प्रकरणाने कायद्याची पोकळी उघड झाली. तिच्या जन्मापूर्वीच अपत्य मागणारे जपानी दांपत्य विभक्त झाले आणि पत्नीने मुलीची जबाबदारी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ सप्टेंबर २००८ च्या निर्णयात न्यायालयाने बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाण्याचा मार्ग दाखविला. पुढे मुलगी आजीसोबत जपानला गेली. या वादात बालकाचे हित, पित्याचा हक्क व आजीची भूमिका चर्चिली गेली; जन्म देणारी स्त्री चर्चेच्या परिघाबाहेरच राहिली.

जर्मन दांपत्याच्या जुळ्या मुलांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये वेगळी भूमिका घेतली. स्त्रीबीज देणारी अज्ञात होती व जर्मनीत सरोगसीस बंदी होती. अशा स्थितीत जन्म देणारी स्त्रीच माता होय, म्हणून मुले भारतीय नागरिक ठरतात, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. भारतीय न्यायव्यवस्थेने सरोगेट स्त्रीला माता म्हटल्याचा हा ठळक प्रसंग आहे. परंतु प्रश्न मुलांच्या पारपत्राचा होता. तिचे मातृत्व मान्य झाले ते मुलांना तिच्यापासून दूर नेता यावे यासाठी, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

याच सुमारास मराठी चित्रपटसृष्टीने हा विषय हाताळला. परदेशी दांपत्य आणि सरोगेट माता यांची कथा सांगणाऱ्या समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. न्यायालयीन कागदपत्रांत न उमटलेला स्त्रीचा आवाज लोकांपर्यंत पोहोचला तो अशा माध्यमांतून.

कायद्याची वाटचाल

विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मधील २२८ व्या अहवालात व्यापारी सरोगसीस बंदी व परोपकारी सरोगसीस मान्यता सुचविली. २०१२ मध्ये परदेशी दांपत्यांसाठी व्हिसाचे नियम कडक झाले आणि २०१५ मध्ये परदेशीयांसाठी सरोगसी बंद करण्यात आली. २०१६ च्या विधेयकाने सरोगेट ही जवळची नातेवाईकच असावी, अशी अट घातली.

संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०१७ च्या अहवालात या विचारावर मूलगामी आक्षेप घेतला. कुटुंबातील सून, नणंद, भावजय यांच्यावर दडपण येऊ शकते आणि विनामोबदला गर्भारपण हेही शोषणच ठरू शकते, असा समितीचा आशय होता. तिने योग्य भरपाईचा पुरस्कार केला. पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीने २०२० मध्ये नात्याची अट सैल करून ‘इच्छुक स्त्री’ ही संकल्पना सुचविली. मोबदल्याचा मुद्दा मात्र मागे पडला.

२५ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या कायद्यानुसार सरोगेट ही २५ ते ३५ वयोगटातील, विवाह झालेली व स्वतःचे अपत्य असलेली स्त्री असावी लागते. आयुष्यात एकदाच तिला सरोगेट होता येते. वैद्यकीय खर्च व ३६ महिन्यांच्या विम्यापलीकडे तिला मोबदला घेता येत नाही. भ्रूणरोपणापूर्वी संमती मागे घेण्याचा हक्क तिला आहे. व्यापारी सरोगसी करणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कारावास व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपत्याची इच्छा असणाऱ्यांत विवाहित दांपत्य आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रिया यांचाच समावेश आहे.

कायद्यानंतरचे वादही प्रामुख्याने अपत्य मागणाऱ्यांचेच आहेत. दात्याच्या बीजावरील २०२३ ची बंदी २०२४ मध्ये अंशतः उठविण्यात आली. कायद्यापूर्वी भ्रूण गोठविलेल्या दांपत्यांना वयोमर्यादा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

मूल्यमापन

बाजाराच्या काळात सरोगेटला पैसा मिळत होता, पण तिचे नाते व निर्णयाधिकार करारात विरघळत होते. परोपकाराच्या काळात तिला गौरव मिळतो, पण श्रमाचे मूल्य मिळत नाही. डॉक्टर, वकील व रुग्णालय यांनी शुल्क घेणे नैतिक, आणि सर्वाधिक जोखीम पत्करणाऱ्या स्त्रीने घेणे तेवढे अनैतिक, ही विभागणी तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरीकडे, गरिबीने दिलेली संमती मुक्त नसते, हा बंदीच्या समर्थकांचा युक्तिवाद नाकारता येणार नाही. परंतु तो मान्य केल्यास कौटुंबिक दडपणाखालील संमतीही त्याच निकषावर तपासावी लागते.

रजेच्या नियमांतून या प्रश्नाची वेगळी बाजू दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये सरोगसीद्वारे माता झालेल्या एका अध्यापिकेचा प्रसूती रजेचा हक्क मान्य केला. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारी सेवेच्या नियमांत सरोगेट व अपत्य स्वीकारणारी माता या दोघींसाठी १८० दिवसांच्या रजेची तरतूद झाली. गर्भ वाढविणे हे शरीराला झिजविणारे कार्य आहे, याची ही स्पष्ट नोंद होय. मात्र सरकारी नोकरी नसलेल्या सरोगेट स्त्रीपर्यंत ती पोहोचत नाही.

निष्कर्ष

१. भारतातील सरोगसीविषयक नीतिविचार प्रामुख्याने बालकाची ओळख व दांपत्याचे हक्क यांभोवती विकसित झाला.
२. व्यापारी व परोपकारी या दोन्ही व्यवस्थांत सरोगेट स्त्रीचे स्थान दुय्यम राहिले.
३. मोबदला नसणे म्हणजे शोषण नसणे, हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध होत नाही.
४. दीर्घकालीन आरोग्यसेवा, बुडालेल्या मजुरीची भरपाई, स्वतंत्र विधी सल्ला आणि नातेवाइकांच्या अनुपस्थितीत घेतलेली संमती यांची तरतूद होणे आवश्यक आहे. तिच्या त्यागाचा गौरव हा या तरतुदींचा पर्याय होऊ शकत नाही.