देवदूत, यमदूत आणि न्यायाचा दिवस

आज रनाळ्यात आपण जो विषय घेतला आहे तो धर्मोपदेशाचा नाही, इतिहासाचा आहे. ख्रिस्ती शास्त्रातले देवदूत आणि शेवटचा न्याय, हा तो विषय. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती आहे, शेजार आहे. तेव्हा शेजाऱ्याचा ग्रंथ काय म्हणतो हे नीट समजून घेतलेलं बरं.

आधी शब्द पाहू. हिब्रूत ‘मलाख’, ग्रीकमध्ये ‘आंगेलोस’. दोन्हींचा अर्थ निरोप नेणारा. फारसी ‘फरिश्ता’ म्हणजेही पाठवलेला. मराठी भाषांतरकारांनी ‘देवदूत’ हा शब्द घेतला, तो नेमका आहे. पण अडचण अशी की ‘दूत’ म्हटलं की आपल्या मनात यमदूत उभा राहतो. यमदूत एकेकट्या जीवाला नेतो, चित्रगुप्त त्याची वही वाचतो. बायबलमधला शेवटचा न्याय तसा नाही. तो इतिहासाच्या अखेरीस, सगळ्या राष्ट्रांचा एकत्र होतो.

ही कल्पना आली कुठून? मिखाएल आणि गब्रिएल ही देवदूतांची नावं जुन्या करारात फक्त दानिएलाच्या ग्रंथात येतात. बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचा उत्तरार्ध इ. स. पूर्व 167 ते 164 या काळातला मानतात. तेव्हा अंतियोख चौथा हा राजा यहुद्यांच्या धर्मावर बंदी घालत होता. ‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरचा, रोमी सत्तेखाली दबलेल्या छोट्या मंडळ्यांसाठी लिहिलेला. म्हणजे बघा, न्यायाचा दिवस ही मुळात धमकी नव्हती. ज्याला कचेरीत न्याय मिळत नाही, त्याला दिलेला तो दिलासा होता.

मग भीती कुठून आली? तारखा सांगणाऱ्यांकडून. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता. दिवस आला, गेला. कित्येकांची मनं मोडली. वास्तविक मत्तयाच्या 24 व्या अध्यायात स्पष्ट आहे की तो दिवस स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही. दूतांना जे ठाऊक नाही ते मोबाइलवर निरोप धाडणाऱ्याला कसं ठाऊक असेल?

पुढच्याच 25 व्या अध्यायात न्यायाचं दृश्य आहे. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो. आपल्या भागात ठेलारी बांधवांचे कळप पाहिलेल्यांना ते समजावून सांगायला नको. तिथे विचारलं काय जातं? भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याला भेटलात का. दूत सोबत असतात, पण निवाडा त्यांच्या हाती नाही; मग माणसाच्या हाती कुठून असणार?

हे वाचून कृती करणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली. 1897 च्या आणि 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरातमधून शेकडो अनाथ मुली, विधवा आणून केडगावला सांभाळल्या. त्याच बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवलं. 1922 साली त्या गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल 1924 साली निघालं.

तेव्हा कुणी तुम्हाला न्यायाच्या दिवसाची तारीख सांगू लागला, किंवा अमका तरणार नि तमका बुडणार असं म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. मत्तयाचा 25 वा अध्याय काढा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.