कादंबरीत लाक्षणिक भाषा ओळखायची कशी? ‘जणू’ शोधून काम भागत नाही

कादंबरीतला उतारा समोर येतो आणि खाली प्रश्न असतो: लाक्षणिक भाषेची उदाहरणं शोधा. बहुतेक विद्यार्थी पेन्सिल घेऊन ‘जणू’, ‘सारखा’, ‘प्रमाणे’ हे शब्द शोधत सुटतात. सापडले की उपमा किंवा उत्प्रेक्षा लिहून मोकळे.

इथेच गडबड होते. ‘तो सारखा रडत होता’ यात ‘सारखा’ आहे, पण उपमा नाही. ‘ठरल्याप्रमाणे मामा आले’ यातही कशाची तुलना नाही. उलट ‘मास्तर आले आणि वर्ग चिडीचूप झाला’ या वाक्यात ओळखीचा एकही शब्द नाही, तरी ते लाक्षणिक आहे. कारण गप्प बसतात ती मुलं, भिंती आणि बाकं नव्हे.

मग ओळखायचं कसं?

यासाठी एक कसोटी सुमारे हजार वर्षांपासून तयार आहे. ११व्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मट या पंडिताच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात ती सापडते. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा. तो अडतो तेव्हा लक्षणा कामाला लागते, आणि तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, सरळ अर्थ घेतला तर वाक्य जुळत नाही. दोन, नव्या अर्थाचा जुन्याशी काहीतरी संबंध असतो. तीन, असं बोलण्यामागे रूढी तरी असते किंवा हेतू तरी. यातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’. वाहत्या पाण्यावर झोपड्या उभ्या राहत नाहीत, म्हणजे वस्ती काठावर आहे. मग ‘गंगाकाठी’ असं का म्हटलं नाही? तर नदीचा गारवा आणि पावित्र्य वस्तीलाही मिळावं म्हणून.

कादंबरी वाचताना सगळ्यात उपयोगी आहे तो तिसरा मुद्दा, रूढी की हेतू हा. ‘पोटात कावळे ओरडत होते’ हे लाक्षणिक खरं, पण ती रूढी आहे. सगळेच असं बोलतात. एखादं पात्र तसं बोललं तर ते त्याच्या बोलण्याची ढब दाखवतं, त्यात लेखकाची वेगळी कल्पना शोधत बसायला नको. पण आता हे वाक्य बघा: ‘धाकटा मुंबईला गेला त्या दिवसापासून घराचं तोंड उतरलं.’ तोंड उतरणं हा घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार. मात्र इथे तो माणसाला नव्हे, घराला लावलाय. व्याकरणाच्या पुस्तकात याला चेतनगुणोक्ती म्हणतील. नाव बरोबरच आहे, पण खरी गोष्ट अशी की घरातलं कुणीच उघडपणे रडत नाहीये आणि ते दुःख घरावर टाकलंय.

कादंबरीत असे प्रयोग एका वाक्यातच संपतात असंही नाही. कधी ते थेट मुखपृष्ठावर असतात. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. कथा घडते युरोपातून भारताकडे निघालेल्या बोटीवर. तिथे सैन्यं लढत नाहीत, तरी नाव रणांगण. सरळ अर्थ पहिल्याच पानापासून अडतो, आणि बोटीवरच्या माणसांमध्ये नेमकी कसली लढाई चाललीय हे शोधत पुढे वाचावं लागतं. भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’चंही (१९६३) तसंच. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. कादंबरी आहे गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या आणि पुन्हा गावी परतणाऱ्या पांडुरंग सांगवीकरची. कोश आसरा देतो आणि कोंडतोही. यातलं काय लागू पडतं यावर वर्गात छान भांडण होऊ शकतं.

पण सरळ अर्थ अडतच नसेल तर?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. हा दुष्काळ खराखुरा आहे: चारा नाही, पाणी नाही, मेंढरं मरतात. म्हणून त्याला रूपक म्हणणं चूक. एका नव्या मास्तरने जीव लावून उभं केलेलं काहीतरी विस्कटतंय, हा अर्थ त्याच दुष्काळातून ऐकू येतो, पण तो त्याच्या जागी नाही, त्याच्या सोबत आहे. याला व्यंजना म्हणतात. ‘दुष्काळ म्हणजे मास्तरांच्या मनाची कोरड’ असं गाइडछाप उत्तर लिहिलं की माणसं आणि मेंढरं दोन्ही गायब होतात.

उपरोध मात्र पटकन निसटतो. ‘मोठेच शहाणे आहात’ यात व्याकरणाने काहीच अडत नाही, अडतो तो प्रसंग. त्यामुळे उताऱ्याच्या आधी काय घडलं हे माहीत नसेल तर तो कौतुकासारखा वाचला जातो.

उत्तर लिहिताना अलंकाराचं नाव एका ओळीत पुरतं. त्यानंतर कोणता शब्द अडला, तो कशाबद्दल आहे आणि लेखकाने सरळ का सांगितलं नाही, हे लिहायचं. वरच्या वाक्याचं उत्तर असं होईल: ‘तोंड उतरणं माणसाचं असतं, इथे ते घराला लावलं आहे. त्यातून मागे राहिलेल्यांचं न बोललेलं दुःख कळतं.’ चेतनगुणोक्ती हा शब्द आठवला नाही, तरी हे उत्तर उभं राहतं.