'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' : नायकाविना उरलेला विनोदपट

ब्रिटिश अभिनेते पीटर सेलर्स यांचे २४ जुलै १९८० रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने निधन झाले. त्यांनी साकारलेल्या इन्स्पेक्टर क्लूझोचा 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' हा चित्रपट मात्र त्यानंतर दोन वर्षांनी, १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. आधीच्या चित्रपटांतून वगळलेली दृश्ये एकत्र करून दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स यांनी तो सिद्ध केला होता. एका लोकप्रिय मालिकेची उतरण येथून सुरू झाली.

या मालिकेतील पहिला चित्रपट 'द पिंक पँथर' १९६३चा. हे नाव एका अमूल्य हिऱ्याचे. कथेत प्राधान्य होते ते डेव्हिड निव्हन यांनी रंगविलेल्या रत्नचोराला. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो धांदरट फ्रेंच पोलीस अधिकारी क्लूझो. १९६४च्या 'अ शॉट इन द डार्क'मध्ये त्याला संतापी वरिष्ठ ड्रेफस (हर्बर्ट लोम) आणि घरातच त्याच्यावर अचानक हल्ले चढविणारा नोकर केटो (बर्ट क्वोक) हे जोडीदार लाभले. १९६८ मध्ये सेलर्स व एडवर्ड्स यांच्याविना, अ‍ॅलन आर्किन यांना घेऊन क्लूझोवर चित्रपट काढण्यात आला. तो रुजला नाही. पुढे १९७५, १९७६ आणि १९७८ मध्ये सेलर्स-एडवर्ड्स जोडीचे तीन चित्रपट आले.

क्लूझोच्या विनोदाचे मर्म त्याच्या निरागस आत्मविश्वासात आहे. तो पडतो, वस्तू फोडतो आणि काहीच घडले नाही अशा थाटात उठून उभा राहतो. त्याची फळे भोगतो ड्रेफस. आधी त्याचा डोळा फडफडू लागतो आणि शेवटी त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. एका प्रमादातून दुसरा जन्मतो आणि हसू चढत जाते.

'ट्रेल'मध्ये ही साखळीच तुटली आहे. पूर्वार्धात मुख्यतः १९७६च्या चित्रपटातून गाळलेली दृश्ये आहेत. चोरीस गेलेल्या हिऱ्याच्या शोधात निघालेल्या क्लूझोचे विमान बेपत्ता होते. मग एक वार्ताहर (जोआना लम्ली) त्याच्या परिचितांच्या मुलाखती घेत फिरते आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हा दाखविले जातात. निव्हन त्या वेळी इतके आजारी होते, की त्यांचे संवाद रिच लिटल या नकलाकाराच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावे लागले. सेलर्स यांची काही दृश्ये सुटी पाहिली तर आजही हसवितात. परंतु त्यांना ना मागचा संदर्भ, ना पुढचा परिणाम. कथानायक मध्यावरच नाहीसा होतो आणि उरते ती त्याच्याविषयीची चर्चा.

सेलर्स यांच्या पत्नी लिन फ्रेडरिक यांनी या चित्रपटाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. 'ट्रेल'सोबतच चित्रित झालेला 'कर्स ऑफ द पिंक पँथर' (१९८३) टेड वास यांना, तर 'सन ऑफ द पिंक पँथर' (१९९३) रॉबेर्तो बेनिनी यांना घेऊन आला. दोन्ही अपयशी ठरले.

दिवंगत कलावंताची छबी संगणकावर पुन्हा उभी करणे आज शक्य झाले आहे. अशा काळात 'ट्रेल'चे अपयश अधिक बोलके ठरते. नटाची शिल्लक दृश्ये जपून ठेवता येतात. पण समोरच्या पात्राला तत्क्षणी प्रतिसाद देत त्याने घडविलेला विनोद त्या शिलकीतून पुन्हा उभा राहत नाही.