सगळ्या कपाटांवर ८९१.४६

तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. ग्रंथालयाला देणगीत दोन कॉम्प्युटर आणि एक बारकोड स्कॅनर मिळाला होता. पुस्तकांची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. 'तू त्यातलीच ना' म्हणून ग्रंथपालबाईंनी मला बोलावलं.

यादी एका जुन्या सीडीवर होती. फाइल उघडली, तर इंग्रजी पुस्तकांची नावं नीट दिसत होती आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. सॉफ्टवेअरनं त्यातल्या शेकडो ओळी घ्यायलाच नकार दिला. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण यादीत जे येणार नाही ते पुस्तक 'गहाळ' धरून निर्लेखित करायचं, असं वरून ठरत होतं. निर्लेखित म्हणजे शेवटी रद्दी. कपाटात समोर उभी असलेली पुस्तकं कागदोपत्री नव्हतीच.

हे कसं झालं ते शोधताना मी बरीच मागे गेले.

कॅटलॉगचं कार्ड ही एके काळी नवी टेक्नॉलॉजी होती. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्चचे ग्रंथसंग्रह जप्त झाले. त्यांची यादी करायला १७९१ मध्ये चक्क खेळायचे पत्ते वापरले, कारण तेव्हा पत्त्यांची पाठ कोरी असे. वहीत दोन ओळींच्या मध्ये तिसरी घुसवता येत नाही, कार्डांत येते. एवढीशी सोय, पण तिनं पुढची दीडशे-दोनशे वर्षं जगभरची ग्रंथालयं चालवली. कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकी संस्थेनं शेवटचं कार्ड छापलं ते २०१५ मध्ये, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात मोबाइल आल्यावर.

कार्डं लावायची कशी, याचं उत्तर मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दिलं. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग. त्यात साहित्याचा ८००. मग अमेरिकी साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०, असं करत उरलेल्या बहुतेक जगाला ८९०. त्यात मराठी साहित्य कुठे? ८९१.४६ वर. अमेरिकेतल्या ग्रंथालयात मराठीची अर्धी फळी असेल तर हा आकडा चोख काम करतो. आमच्या शाळेत साहित्याच्या जवळजवळ सगळ्या कपाटांवर ८९१.४६ होतं. जिथे सगळ्यांचा पत्ता एकच, तिथे पत्त्याचा उपयोग काय? कुणा जुन्या ग्रंथपालांनी वैतागून कथेला लाल, कवितेला पिवळी, चरित्राला निळी पट्टी चिकटवली होती. मुलं अजूनही पट्टीवरच पुस्तक शोधतात.

ही अडचण फार आधी ओळखणारा एक मराठी माणूस होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड. बडोदा संस्थानात त्यांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळेत शिकलेली अक्षरं वाचायला पुस्तक नसेल तर विसरली जातात, म्हणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावलं. बोर्डन यांनी ड्यूईंची पद्धत जशीच्या तशी लादली नाही. ड्यूई आणि कटर यांची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण केलं. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्टिरिओस्कोप आणि सिनेमाची यंत्रंही होती. शंभर वर्षांपूर्वी! माझ्या काळी शाळेत टीव्ही होता, पण कुलूपबंद.

पुढे रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली कोलन पद्धत मांडली. लंडनच्या एका दुकानात मेकॅनो पाहून ती कल्पना त्यांना सुचली, असं ते सांगत. आमच्या शाळेपर्यंत मात्र ती पोचली नाही.

आता त्या सीडीकडे. कॉम्प्युटरवर देवनागरी लिहिण्यासाठी आयएससीआयआय हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालचं. पण टेबलावर राज्य होतं वेगवेगळ्या फॉन्टचं. हे फॉन्ट रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवत. पडद्यावर 'क' दिसे, आत मात्र रोमन अक्षरच साठवलेलं असे. 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आतही आधीच. त्यामुळे अकारविल्हे लावायला सांगितलं की 'कि' आणि 'का' भलतीकडेच. आणि तो फॉन्ट काढून घेतला, की उरतं ते मी पाहिलं तेच.

फॉन्ट ओळखून बऱ्याच ओळी युनिकोडमध्ये आणता आल्या. उरलेल्यांसाठी ग्रंथपालबाईंनी दाखल नोंदवही काढली: कापडी पुठ्ठा, निळी-काळी शाई, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. नववीच्या मुलांनी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ती उतरवली, कारण कॉम्प्युटरवर त्यांचा हात चालेना. १९५७ आधीच्या पुस्तकांची किंमत रुपये-आण्यांत होती. किमतीचा रकाना 'आणे' घेईना. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शेरा म्हणून टाकू का?" टाकलं.

सॉफ्टवेअर होतं 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० मध्ये सुरू झालेलं, फुकट. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यात 'कुसुमाग्रज' शोधलं की वि. वा. शिरवाडकरही सापडावेत, अशी जोड आम्हाला हातानं द्यावी लागली. जुन्या कार्डांवर ती होतीच. कुणीतरी सुबक अक्षरात 'पाहा' असं लिहून ठेवलेलं.

सगळं झाल्यावर एका मुलानं 'ताऱ्यांची' टाइप केलं. काहीच सापडलं नाही. खगोलशास्त्राची पुस्तकं तर मागच्याच कपाटात होती. डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. आत मात्र एका 'ऱ्य'मध्ये साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य चिन्ह, तर दुसऱ्यात वेगळाच 'ऱ'. मराठीत रोज लागणारं अक्षर, आणि ते लिहायच्या दोन रीती. सगळ्या नोंदी एका रीतीच्या करण्यात शेवटचे दोन दिवस गेले. शोधताना कीबोर्ड दुसऱ्या रीतीनं लिहीत असेल, तर अजूनही पंचाईत होते.

निर्लेखनाची यादी आली तेव्हा तिच्यात खरोखर हरवलेली आणि वाळवीनं खाल्लेली तेवढी पुस्तकं राहिली. नोंदवही 'आता काय करायची' म्हणून तिच्यातच घातली होती. बाईंनी त्या ओळीवर लाल पेनानं काट मारली. नवं पुस्तक आलं की त्या आधी वहीत दाखल क्रमांक लिहितात, मग बारकोड चिकटवतात.