चित्रशाळेचा विद्यार्थी आणि व्यंगचित्र

चित्रकलेचा इतिहास लिहितांना आपले लेखक बहुधा राजाश्रय, प्रदर्शनें आणि सुवर्णपदकें यांचाच हिशेब मांडतात. ज्या विद्यार्थ्यानें सकाळीं वर्गांत प्लॅस्टरच्या पुतळ्यावरील छाया कोळशानें रेखाटली आणि सायंकाळीं त्याच वहीच्या कडेला खाणावळवाल्याचें पोट, शेजाऱ्याची छत्री किंवा मास्तरांचें नाक काढलें, त्याला त्या हिशेबांत जागा नसते. मराठी व्यंगचित्राचा जन्म मात्र पुष्कळ अंशीं त्या वहीच्या कडेलाच झाला, असें आम्हांस वाटतें. त्या कडेचा थोडासा इतिहास आम्ही येथें पाहणार आहों, आणि तो मुंबईहून न पाहतां धाराशिव जिल्ह्यांतून पाहणार आहों. कारण जेथें एखादी कला उशिरां पोंचते, तेथूनच ती कशावर जगते हें स्पष्ट दिसतें.

प्रथम शब्दाविषयीं. इंग्रजी 'कार्टून' या शब्दाचें मूळ जाड कागद या अर्थाच्या एका इटालियन शब्दांत आहे. भिंतीवर मोठें चित्र काढण्यापूर्वीं चित्रकार त्याचा जो आराखडा करी, त्यास हें नांव होतें. १८४३ सालीं लंडन येथें पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठीं असे आराखडे प्रदर्शनांत मांडले गेले, तेव्हां 'पंच' पत्रानें त्यांची थट्टा करण्यासाठीं जॉन लीच याचीं चित्रें त्याच नांवानें छापलीं. थट्टा टिकली आणि मूळ अर्थ मागें पडला. आपल्या शब्दाची कथाही कमी बोधप्रद नाहीं. 'व्यंग' म्हणजे वैगुण्य, आणि 'व्यंग्य' म्हणजे काव्यशास्त्रांतील ध्वनित अर्थ. केवळ नाक लांब करणारा पहिल्या अर्थावर थांबतो; न बोलतां सुचविणारा दुसऱ्यापर्यंत जातो. चांगल्या आणि वाईट व्यंगचित्रांतील भेद एवढ्या एका अक्षरांत सांपडतो.

आतां चित्रशाळेकडे वळूं. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. तिच्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लक्ष रुपये दिले होते. १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे तेथें शिकविण्यास आले. ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या काळांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्या काळीं अजिंठा निजामाच्या राज्यांत होता. म्हणजे मुंबईचे विद्यार्थी चित्र शिकण्यासाठीं मराठवाड्यांत येत होते, आणि मराठवाड्याच्या मुलास मात्र चित्र शिकावयाचें तर मुंबईची वाट धरावी लागत होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर जातकांतील जूजक ब्राह्मण आहे. त्याची बोकडासारखी दाढी आणि लोभानें फाकलेला चेहरा पाहून आजही हंसूं येतें. ज्या चित्रकारानें तो रंगविला, त्यानें तो रोज रस्त्यावर पाहिलेला असला पाहिजे. थट्टेची रेषा या भूमीस परकी नव्हती, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

मग ती रेषा मध्यंतरीं कोठें गेली? आमचें उत्तर असें कीं, ती हातांत होती, पण तिला कागद नव्हता. व्यंगचित्रास तीन गोष्टी लागतात: काढणारा हात, छापणारें पत्र आणि हंसून घेणारा समाज. जिल्ह्याच्या गांवास सातव्या निजामाच्या नांवावरून 'उस्मानाबाद' हें नांव मिळालें, त्या काळीं या राज्यांत कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही तेंच होतें. मराठी शाळेसाठीं लोकांना स्वतः झिजावें लागे. याच जिल्ह्यांतील हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली, ती अशाच खटाटोपांतून. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें अध्यापन केलें. वृत्तपत्राची स्थिति तर याहून बिकट होती. आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं 'मराठवाडा' साप्ताहिक काढलें तें पुण्याहून; संस्थानांत त्यावर बंदी येई आणि तें पुन्हां निराळ्या नांवानें निघे. जेथें बातमीलाच वेषांतर करावें लागतें, तेथें राज्यकर्त्याचें नाक लांब करणारें चित्र कोण छापणार?

धाराशिवहून सोलापूर सुमारें ७० किलोमीटर दूर. पण तें ब्रिटिश मुलखांत होतें. त्याच सोलापुरांत १८९१ सालीं शंकरराव किर्लोस्कर जन्मले. लाहोर येथें पंडित सातवळेकर यांच्याजवळ ते चित्रकला शिकले आणि पुढें कारखानदारीच्या घरांत राहून त्यांनीं मासिकें काढलीं: १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर', १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर'. 'शंवाकि' या सहीनें त्यांनीं काढलेलीं 'टाकांच्या फेकी' हीं चित्रें रूढींवर नेमका घाव घालीत. हद्दीच्या अलीकडील मुलगा पलीकडील मुलापेक्षां अधिक बुद्धिमान होता असें नव्हे. त्याच्या हातीं चित्र होतें, आणि चित्राखालीं स्वतःचें पान होतें.

हें पानच विद्यार्थ्याच्या जीवनांत किती महत्त्वाचें असतें, याचा दाखला शि. द. फडणीस यांच्या चरित्रांत मिळतो. १९२५ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील भोज येथें ते जन्मले, कोल्हापुरास वाढले आणि जे. जे. मध्यें शिकले. विद्यार्थिदशेंत असतांनाच, १९४५ सालीं, त्यांचें पहिलें व्यंगचित्र 'मनोहर'मध्यें छापून आलें. त्याच वर्षीं गोव्याचे दीनानाथ दलाल यांनीं 'दीपावली' सुरू केलें. पुढें फडणीसांनीं मासिकांच्या मुखपृष्ठांवर शब्दावांचून हंसविण्याची जी रीत आणली, तिच्यामागें वर्गांतील शिस्तीचा वांटा मोठा आहे. ज्यास वस्त्राची चुणी आणि शरीराचा तोल खरा काढतां येतो, त्यालाच तो हवा तेवढा मोडतां येतो.

यावर कोणी विचारील, आर. के. लक्ष्मण यांचें काय? त्यांस तर याच कलाशाळेनें प्रवेश नाकारला, आणि १९४७ पासून त्याच मुंबईंत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानावर त्यांनीं आपलें राज्य स्थापलें. वसंत सरवटे हे तर व्यवसायानें इंजिनीयर होते. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळें आमचें म्हणणें थोडें आवरतें घ्यावें लागतें. शाळा हात देते. डोळा देईलच असें नाहीं. मात्र लक्ष्मण काय किंवा सरवटे काय, दोघांसही छापणारें पान आणि हंसणारा वाचक हीं लाभलीं होतीं. शाळेवांचून व्यंगचित्रकार झालेले दाखवितां येतील. पानावांचून झालेला दाखवितां येणें कठीण.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव अधिकृतपणें परत मिळालें. येथील शाळकरी मुलें आज एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, आणि ज्यांचा हात बरा चालतो तीं पुढील शिक्षणासाठीं मोठ्या शहरांकडे निघतात. त्यांस शिक्षक सांगतात तें जुनेंच आहे: वही बरोबर ठेवा आणि जेथें माणसें थांबतात तेथें बसा. त्यासाठीं एस. टी. चें स्थानक आहे, आठवड्याचा बाजार आहे, नवरात्रांतील तुळजापूरची गर्दी आहे, उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरभोंवतीं लागलेली घागरींची रांग आहे. याहून उत्तम आदर्शवर्ग कोणत्या कलाशाळेंत असेल? तेरला जाणाऱ्या विद्यार्थ्यानें लामतुरे संग्रहालयांतील मातीच्या मूर्तीही पाहाव्या. प्राचीन 'तगर' म्हणून परदेशच्या व्यापाऱ्यांस ठाऊक असलेल्या, आणि गोरोबाकाकांच्या चाकामुळें मराठी मनांत घर केलेल्या या गांवीं, बोटभर मातीवर केस कसे बांधावे आणि ओंठ कसे मुडपावे हें दोन हजार वर्षांपूर्वींच्या कारागिरानें नेमकें जाणलें होतें.

तेव्हां हात आहे, डोळा आहे, विषय तर उदंड आहेत. शंका राहते ती तिसऱ्या गोष्टीची. निजामाच्या काळीं पान बंद होतें तें हुकुमानें. आज हुकूम नसतांही, आपल्या जातीची, पक्षाची किंवा गांवची थट्टा दिसतांच कपाळास आठी घालणारा वाचक तेंच काम घरबसल्या करूं शकतो. विद्यार्थ्याच्या वहीच्या कडेला त्या सायंकाळीं कोणाचें नाक निघेल हें आपल्या हातीं नाहीं. तें आपलेंच निघालें तर वही मिटावयाची कीं आपणही हंसावयाचें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. आणि या जिल्ह्यांतील व्यंगचित्राचा पुढचा इतिहास बराचसा त्यावरच ठरेल.