परत येणारा माणूस काय घेऊन येतो? तैवानची गोष्ट

'परदेशस्थ लोकांनी मायदेशात पैसा गुंतवला की उद्योग वाढतात.' माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यातलं हे वाक्य. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'कसे?' उत्तर शोधताना मी तैवानपर्यंत पोहोचले. तुम्ही आत्ता विषय निवडत असाल, तर हे वाचाच.

१९६० नंतर तैवानचे हजारो इंजिनिअर अमेरिकेत शिकायला गेले आणि बरेचसे तिथेच राहिले. याला आपण 'ब्रेन ड्रेन' म्हणतो. पण तैवान सरकार नुसतं हळहळत बसलं नाही. १९७३ मध्ये त्यांनी औद्योगिक संशोधन संस्था (आयटीआरआय) उभारली. १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं आणि आपले तरुण इंजिनिअर तिकडे शिकायला पाठवले. १९८० मध्ये शिंचू इथे सायन्स पार्क सुरू झालं. परतणाऱ्यांच्या इंग्रजीत वाढलेल्या मुलांसाठी तिथे द्विभाषिक शाळासुद्धा काढली!

१९८५ मध्ये मॉरिस चँग या संस्थेचे प्रमुख म्हणून आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये त्यांनी २५ वर्षं काढली होती. १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी स्थापन केली. आता नीट बघा: भांडवलाचा मोठा वाटा सरकारचा आणि फिलिप्सचा होता. चँग यांनी आणला तो अनुभव, ओळखी आणि एक कल्पना: स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, फक्त इतरांच्या चिप बनवून द्यायच्या.

अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी 'द न्यू आर्गोनॉट्स' (२००६) या पुस्तकात या ये-जा करणाऱ्या इंजिनिअरांचा अभ्यास केला. त्यांच्या मते हा ड्रेन नाही, हे 'सर्क्युलेशन' आहे.

पण इथेच थांबू नका. चँग यांचा जन्म चीनमधल्या निंगबोचा. तैवान त्यांचं जन्मगाव नव्हतंच. मग त्यांना 'परतलेले' म्हणायचं का? तुमची व्याख्या काय, त्यावर निष्कर्ष बदलतो. दुसरं म्हणजे, संस्था आधी आली, चँग नंतर. माणसांमुळे उद्योग वाढला, की जमीन तयार होती म्हणून माणसं आली?

म्हणून आराखडा लिहिण्याआधी एका कागदावर सालवारी मांडा: कोण आधी, कोण नंतर. मी मांडली, आणि माझं ते पहिलं वाक्य स्वतःच खोडलं.