विटांची मशीद आणि वऱ्हाडचा कारकून : मुर्शिदाबादच्या कटरा मशिदीचा परिचय

गोदावरीच्या उत्तर तीरावरील आदिलाबाद प्रांत हा मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चार भाषांचा शेजार होय. मोगल अमदानीत या मुलखाचा काही भाग वऱ्हाड सुभ्याच्या माणिकदुर्ग सरकारात मोडत असे. तो माणिकगड ज्या राजुरा तालुक्यात मोडत असे, तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे मराठी भाषिक तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेल्या जिल्ह्याचेही २०१६ साली चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत राहतात. माणसे आणि त्यांच्या आठवणी मात्र सीमांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या असतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली वास्तू येथून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये भागीरथीच्या काठी उभी आहे. परंतु ती बांधविणाऱ्या पुरुषाचे पूर्वायुष्य याच वऱ्हाड–तेलंगणच्या मुलखात गेले, आणि त्याच्या कुळाविषयीची माहिती औरंगाबादेत लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथामुळे टिकली. म्हणून मराठी ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मरणग्रंथात तिला जागा देणे अप्रस्तुत ठरू नये.

आपल्याकडे ऐतिहासिक वास्तू म्हटली की काळा पाषाण डोळ्यांसमोर येतो. सह्याद्रीने महाराष्ट्राला दगडाची ददात कधी पडू दिली नाही. हेमाडपंती देवळे, किल्ल्यांचे तट, बारवा आणि घाट ही सारी त्याच पाषाणाची लेकरे. तरीही वीट आपल्याला परकी नाही. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला, तो खाली दगडी आणि वर विटांचा. दगडी वाडा बांधण्याचा मान केवळ छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्यास गेल्यामुळे पुढील काम विटांत झाले, अशी आख्यायिका त्याविषयी सांगतात. आपल्याकडे वीट ही अशी सोयीची, हलकी आणि काहीशी दुय्यम सामग्री मानली गेली.

बंगालची गोष्ट निराळी. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या त्या सपाट प्रदेशात कोसच्या कोस चालले तरी बांधकामाजोगा दगड सापडत नाही. जो लागतो तो राजमहालच्या टेकड्यांतून नावांनी आणावा लागे. माती मात्र अमाप आणि चिकण. साहजिकच तेथील गवंड्याची सारी प्रतिभा विटेत उतरली. मालदा जिल्ह्यातील पांडुआ येथे सुलतान सिकंदरशहाने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या विशाल आदिना मशिदीत खालच्या भागाला दगड आणि वरच्या भागाला वीट अशी योजना आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास खान जहान याने बागेरहाट येथे उभारलेली 'साठ घुमट' मशीद तर जवळजवळ संपूर्ण विटांची आहे. तिचे नाव साठाचे असले तरी छपरावर ७७ आणि कोपऱ्यांच्या बुरुजांवर ४ असे एकूण ८१ घुमट आहेत. साठ आहेत ते आतील खांब. १९८५ साली बागेरहाटचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. या सुलतानी मशिदींच्या भिंतींवर भाजलेल्या मातीचे नक्षीदार फलक बसविलेले असतात. त्यांच्या छपराची कड मध्ये उंच आणि टोकांकडे उतरती असते. पावसाचे पाणी झटकन ओघळून जावे म्हणून बंगाली शेतकरी बांबूच्या झोपडीला जो बाक देतो, तोच गवंड्याने विटांत उतरविला.

मोगल आल्यावर ही शैली पालटली. नक्षीचे फलक मागे पडून भिंतींवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आला. कडेचा बाक सरळ झाला आणि आत खांबांच्या रांगांऐवजी एकच लांबट दालन व त्यावर ओळीने घुमट अशी रचना रूढ झाली. मुर्शिदाबादची कटरा मशीद हे या मोगल घडणीचे बंगालमधील एक भव्य उदाहरण. ती १७२३–२४ मध्ये बांधून झाली. बांधविणारा होता बंगालचा सुभेदार मुर्शिद कुली खान.

येथे नावाचा एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना येथील जमीनमहसुलाची घडी बसविणारा जो मुर्शिद कुली खान मराठी वाचकाला ठाऊक असतो, तो खुरासानी होता आणि १६५८ सालच्या धर्मातच्या लढाईत पडला. बंगालचा मुर्शिद कुली खान त्याच्या नंतरच्या पिढीतला. 'मआसिर-उल्-उमरा' या मोगल सरदारांच्या चरित्रकोशानुसार तो जन्माने ब्राह्मण होता. हाजी शफी इस्फहानी नावाच्या इराणी अंमलदाराने त्याला लहानपणी विकत घेतले, महंमद हादी असे नाव ठेवले आणि मुलासारखे वाढविले. सर जदुनाथ सरकार यांनी तो दख्खनी ब्राह्मण असल्याचे म्हटले आहे. त्याचे मूळचे नाव सूर्यनारायण मिश्र होते असेही सांगतात. दख्खनी म्हणजे मराठीच, असे मानण्यास आधार नाही आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. मालकाबरोबर हा मुलगा इराणात गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर परत दख्खनेत येऊन वऱ्हाडचा दिवाण हाजी अब्दुल्ला खुरासानी याच्या कचेरीत लागला. वसुलाच्या कामातील त्याची पकड औरंगजेबाच्या नजरेत भरली. 'कारतलब खान' असा किताब मिळून तो हैदराबादचा दिवाण व एलगंदलचा फौजदार झाला. हे एलगंदल म्हणजे आजच्या करीमनगर जिल्ह्यातील, आदिलाबादपासून गोदावरीच्या पलीकडल्या तीरावरचा किल्ला. १७०० साली त्याची बंगालच्या दिवाणीवर नेमणूक झाली.

त्या वेळी औरंगजेब मराठ्यांचे एकेक गड घेण्यात गुंतला होता. त्याचा खजिना रिता होत चालला होता आणि छावणीतील शिपायांचे पगार थकले होते. अशा वेळी बंगालहून नियमाने येणारा महसूल हा त्याचा मोठा आधार ठरला. ताराबाईंच्या काळातील मराठी स्वातंत्र्ययुद्ध मोडून काढण्यासाठी जो पैसा खर्च झाला, त्यातील मोठा वाटा दख्खनेतूनच गेलेल्या या दिवाणाने गोळा केलेला होता. खुद्द बादशहाला दख्खनेत भेटून त्याने हिशेब रुजू केले आणि 'मुर्शिद कुली खान' हा किताब मिळविला. परतल्यावर मखसूदाबाद या आपल्या ठाण्याला त्याने मुर्शिदाबाद हे नाव दिले. १७१७ मध्ये तो बंगालचा सुभेदार झाला. १७२२ सालच्या त्याच्या महसूल बंदोबस्ताने सुभ्याचे १३ चकले पाडले आणि जमा सुमारे १ कोट ४२ लक्ष रुपये ठरविली. वसुलीच्या बाबतीत तो कमालीचा कठोर होता. थकबाकीदार जमीनदारांना त्याच्या अंमलदारांनी दिलेल्या छळाच्या कथा फारसी बखरींत नमूद आहेत.

मशिदीकडे जाणारा प्रवासी कोलकात्याहून लालगोला मार्गाच्या रेल्वेने मुर्शिदाबादेस उतरतो. स्थानकापासून मशीद फार दूर नाही. 'कटरा' म्हणजे बाजारपेठ. मशिदीला लागून पेठ वसवावी, असा सुभेदाराचा मानस होता, त्यावरून हे नाव पडले. मुराद फर्राश नावाच्या आपल्या विश्वासू सेवकावर त्याने हे काम सोपविले होते. उंच जोत्यावरील चौरस प्रांगण, त्याच्या चहूबाजूंना दुमजली घुमटाकार खोल्यांच्या ओळी आणि पश्चिमेस मुख्य मशीद, अशी एकंदर मांडणी आहे. या खोल्यांतून कुराणपाठक व विद्यार्थी राहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आलेला इंग्रज चित्रकार विल्यम हॉजेस याने येथे ७०० पाठक राहत असल्याचे लिहून हे विद्येचे मोठे केंद्र असल्याची नोंद केली आहे. प्रार्थनास्थळ, पाठशाळा आणि बाजार यांचा असा एकत्र विचार त्याने पूर्वीही केला होता. ढाक्यास दिवाण असताना बेगम बाजारात त्याने बांधलेली मशीदही पाच घुमटांची आणि उंच जोत्यावरची आहे. त्या जोत्याच्या पोटात कमानदार खोल्या काढलेल्या आहेत. तिच्या पूर्वेस पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपली बारव आहे. पावलापावलाला पाणी असलेल्या बंगालमध्ये बारव ही फार दुर्मिळ वस्तू. वऱ्हाड आणि दख्खनेत उमेदीचा काळ घालविलेल्या या माणसाने ती कल्पना इकडूनच नेली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

कटरा मशिदीच्या चार कोपऱ्यांवर चार अष्टकोनी मनोरे होते. त्यांतील दोन आज उभे असून त्यांची उंची सुमारे ७० फूट आहे. आतून वर जाणारा गोल जिना आहे, आणि भिंतींत बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या आहेत. भोवतालच्या काळाची अस्वस्थता त्या जंग्यांतून कळते. मुख्य दालनावर पाच घुमट होते. १२ जून १८९७ रोजी आसाम–बंगालला हादरविणारा प्रचंड भूकंप झाला, त्यात मधले घुमट कोसळले. दोन टोकांचे घुमट तेवढे वाचले. विटांच्या कमानीचा आणि घुमटाचा धर्मच असा, की वरून येणारा भार त्या शतकानुशतके पेलतात, परंतु आडवा हिसका बसला की सांधे उकलतात. टोकांच्या घुमटांना शेवटच्या भिंतीचा पाठिंबा होता, मधल्यांना तो नव्हता, हेही एक कारण असावे. आज दालनाच्या मध्यभागी उभे राहिले असता डोक्यावर उघडे आकाश दिसते. मात्र त्यामुळेच घडणीचा अभ्यास करणाऱ्याला एक लाभ झाला आहे. गिलाव्याआडची विटांची रचना, चुन्याच्या सांध्यांची जाडी आणि चौकोनी दालनातून गोल घुमटाकडे जाण्याची युक्ती हे सारे तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येते. सध्या ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

या मशिदीतील सर्वांत बोलकी जागा मात्र घुमटाखाली नाही. पूर्वेच्या प्रवेशद्वाराशी चढून जाणाऱ्या जिन्याच्या पोटात एक लहानशी खोली आहे. १७२७ साली मृत्यू पावलेला मुर्शिद कुली खान तेथे चिरनिद्रा घेत आहे. मशिदीत येणाऱ्या भाविकांची पायधूळ आपल्यावर पडावी आणि आपल्या हातून घडलेल्या पापांचे क्षालन व्हावे, म्हणून त्याने ही जागा स्वतःच निवडली, असे परंपरा सांगते. पंढरपूरच्या नामदेव पायरीची आठवण मराठी मनाला येथे झाल्यावाचून राहत नाही. दोघांच्या जीवनात काडीचे साम्य नाही. एक भक्तीने पायरीशी गेला, दुसरा हिशेबाच्या शेवटी. पण अखेरचा विसावा पायरीखाली मागण्याची ही बुद्धी दोन धर्मांत आणि दोन प्रांतांत आढळावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या वास्तूविषयी एक कटू कथाही प्रचलित आहे. मशिदीच्या सामग्रीसाठी आसपासची देवळे पाडली गेली, असे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फारसी लेखकांनी लिहिले आहे. ते लेखन घटनेनंतर काही दशकांनी झालेले आहे, हे ध्यानात घेऊन त्याचे मोल ठरविले पाहिजे. कथा झाकून ठेवणे जसे योग्य नव्हे, तसे तपासाविना पसरविणेही योग्य नव्हे. हाच न्याय आपण स्वतःलाही लावावयास हवा. १७४२ च्या मे महिन्यात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील स्वारांनी मीर हबीबच्या मार्गदर्शनाखाली याच मुर्शिदाबादेवर धाड घातली आणि जगतशेठांची पेढी लुटली. भास्करराम कोल्हटकर यांचा ३१ मार्च १७४४ रोजी दग्याने वध झाला, ते मनकराही याच परिसरात. १७५१ च्या तहाने १२ लक्षांची चौथ ठरून हा संघर्ष मिटला. आपल्या इतिहासग्रंथांत तो पराक्रमाचा अध्याय आहे. बंगालमध्ये मात्र 'बारगीर' या आपल्या शब्दाचे 'बर्गी' होऊन तो मुलांना भीती घालण्याचा शब्द झाला. दोन्ही बाजूंची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज इतिहास पुरा होत नाही.

शेवटी त्या चरित्रकोशाविषयी. 'मआसिर-उल्-उमरा'चा कर्ता शाहनवाज खान हा निजामाचा सरदार. दरबारातील मर्जी गमावल्यानंतरच्या विजनवासात त्याने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हा ग्रंथ लिहावयास घेतला. १७५८ साली त्याचा खून झाला, घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने विखुरली. त्याचा मित्र, पाणचक्कीच्या आश्रयाने राहणारा कवी-पंडित गुलाम अली आझाद बिलग्रामी, याने ती पाने शोधून गोळा केली. पुढे शाहनवाज खानाचा पुत्र अब्दुल हय याने १७८० मध्ये ग्रंथ पूर्ण केला. बिलग्रामींनी ते कष्ट घेतले नसते, तर कटरा मशिदीच्या पायरीखाली निजलेला माणूस कोणत्या कुळातून आणि कोणत्या वाटेने तेथवर पोहोचला, हे सांगणारा एक महत्त्वाचा दाखला आपल्या हाती उरला नसता.

विटांची वास्तू भूकंपाने पडते आणि पुरातत्त्व खाते तिला टेकू देते. पानांचे तसे नाही. ती वाळवीच्या, पाण्याच्या किंवा केवळ दुर्लक्षाच्या तोंडी पडली, की पुन्हा जुळत नाहीत. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या सभासदांना हे सांगण्याची गरज नाही. तथापि बंगालला जाणाऱ्या वाचकाने मुर्शिदाबादेस एक दिवस अवश्य द्यावा, आणि त्या जिन्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी ग्रंथालयातील जदुनाथ सरकारांचा बंगालचा इतिहास व नागपूरकर भोसल्यांची कागदपत्रे चाळून जावीत, एवढी सूचना करून हा परिचय पुरा करतो.